सोसायटीत लिफ्टजवळची पार्किंगची जागा दिव्यांग म्हणून मागायची आहे, अर्ज कसा करायचा? लॉटरी मला पण लागू होते का?

धायरी_बी_विंग

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही तशीच येतात.

मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला राहते, चार विंगची सोसायटी, स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं) आणि खाली एक बेसमेंट. मला लहानपणी पोलिओ झालाय, डाव्या पायाला मांडीपासून कॅलिपर आहे आणि उजव्या हातात कुबडी. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आहे, ६५ टक्के दिव्यांगत्वाचं. साइड व्हील लावलेली ॲक्टिव्हा आहे, आरटीओत रीतसर पासिंग केलेली, आरसीवर तशी नोंद आहे, ऑफिसला रोज तीच. गाडीवर बसले की मी कोणाच्याही मदतीशिवाय कुठेही जाते, अडचण सगळी गाडीवरून उतरल्यावर सुरू होते.

आमच्याकडे जागा कमी आणि गाड्या जास्त म्हणून दरवर्षी लॉटरी काढतात. यंदा मला बेसमेंटमधला अगदी शेवटच्या भिंतीजवळचा टू व्हीलर स्लॉट आलाय. आणि आमची लिफ्ट बेसमेंटला जात नाही!! म्हणजे गाडी लावून गाड्यांच्याच रॅम्पवरून चालत वर यायचं, मागून पुढून गाड्या येतायत, पावसाळ्यात रॅम्पवर टायरने आणलेला चिखल, कुबडीचं रबर जरा घासलेलं असलं की सरकतंच. जिना आहे पण कॅलिपरचा गुडघा लॉक करून एकेक पायरी पाय ओढत न्यायचा, हातात पिशवी असेल तर जमतच नाही. शिवाय स्लॉट आखलेत ते साध्या स्कूटरच्या मापाने. माझ्या गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, शेजारची बाइक खेटून लागली की मला उतरायलाच जागा राहत नाही.

बी विंगच्या लिफ्टसमोर कारच्या मापाच्या दोन जागा आहेत. एक जागा बिल्डरने सुरुवातीलाच एका काकांना "विकलेली" आहे असं सगळे म्हणतात. दुसरीत जुन्या सायकली, रंगाचे रिकामे डबे आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. मी कमिटीला तोंडी विचारलं की ही दुसरी जागा मला द्या. उत्तर आलं, ताई तुमचं पटतं पण लॉटरी सगळ्यांना सारखी, तुम्हाला दिली तर उद्या गुडघेदुखीवाले सगळे रांग लावतील, आणि कारची जागा टू व्हीलरला कशी द्यायची, द्यायचीच तर कारचे चार्जेस भरावे लागतील.

आता सप्टेंबरमध्ये एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) आहे. त्याआधी लेखी अर्ज द्यायचाय. कोणाच्या नावाने द्यायचा, सोबत काय काय जोडायचं, आणि मुख्य म्हणजे हे मी हक्काने मागू शकते का की नुसती विनंती करायची? वयाच्या चाळिशीनंतर पाय पूर्वीपेक्षा लवकर दमतो, डॉक्टर म्हणाले पोलिओ झालेल्या बऱ्याच जणांना असं पुढे होतं, त्यामुळे हे वर्ष कसंतरी काढू असं म्हणून चालणार नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

माजी_सचिव_ठाणे

ताई, मी आमच्या सोसायटीत बरीच वर्षं सचिव होतो म्हणून कमिटीच्या खुर्चीतून हे कसं दिसतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे तोंडी बोलणं आता बंद करा. तोंडी मागणीला कमिटी तोंडी उत्तर देते आणि मग कुठेच काही राहत नाही. अर्ज सचिवांच्या नावाने, अध्यक्षांना प्रत, दोन कॉप्या न्यायच्या आणि एकीवर सोसायटीचा शिक्का, तारीख, सही घ्यायची. ऑफिसात कोणी घेत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि सोसायटीच्या अधिकृत ईमेलवर पण टाका. अर्जात स्पष्ट लिहा की हा विषय कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठेवावा आणि काय ठराव झाला ते मला लेखी कळवावं. एकदा कागद इनवर्ड झाला की बोलायची भाषा बदलते हे मी स्वतः बघितलंय.

दुसरं, लॉटरीबद्दल. आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) पार्किंगचा भाग ७८ पासून पुढे आहे, तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत काढून वाचा. जागा कमी आणि मागणारे जास्त असले की चिठ्ठ्या टाकून वाटप, असं त्यात आहे. पण पार्किंगचं धोरण ठरवणारी सर्वसाधारण सभाच असते. म्हणजे चिठ्ठ्या टाकायच्या आधी कुठल्या जागा चिठ्ठीत घालायच्या आणि कुठल्या बाजूला ठेवायच्या हे सभा ठरवू शकते. आम्ही तेच केलं. दिव्यांग सदस्यांच्या जागा आधी बाजूला काढल्या, उरलेल्यांची लॉटरी. कोणी कोर्टात गेलं नाही की सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार झाली नाही. ज्याला बेसमेंट काय आणि स्टिल्ट काय, दोन्हीकडून घरी जाता येतं त्याच्यासाठी लॉटरी न्याय्य आहे. ज्याला बेसमेंटमधून वर येताच येत नाही त्याला चिठ्ठी उचलायला लावणं हे समान वागवणं होत नाही, आणि सभेत हे अगदी शांतपणे उभं राहून सांगायचं.

त्या "विकलेल्या" जागेच्या भानगडीत सध्या पडू नका. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंदच्या केसमध्ये सांगितलंय की मोफा कायद्याखाली (फ्लॅट विक्रीबद्दलचा महाराष्ट्राचा जुना कायदा) स्टिल्टची आणि उघडी पार्किंग बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची कॉमन जागा. पण तुमची बिल्डिंग रेराच्या (बिल्डरांसाठीचा नवा कायदा) आधीची का नंतरची, त्या काकांच्या ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय, यावरून वाद वाढेल आणि तुमचं काम राहील बाजूला. भंगार पडलेली जागा समोर आहे, तीच मागा. भंगारासाठी जागा आहे आणि सदस्यासाठी नाही असं कोणाला मिनिट्समध्ये लिहिता येणार नाही.

वेळ पण बघा. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस चौदा दिवस आधी निघते. विषयपत्रिकेत यायचं असेल तर नोटीस छापायच्या आधी अर्ज आत हवा. ऑगस्टमध्येच द्या.

कोथरूड_कमिटी

मी सध्या कमिटीवर आहे, थोडी दुसरी बाजू मांडतो, ताईंनी राग मानू नये. तुमची केस खरी आहे यात शंका नाही. पण कमिटीला भीती का वाटते ते पण समजून घ्या. आमच्याकडे एका आजोबांना लिफ्टजवळची जागा दिली, सगळ्यांनी एकमताने. नंतर त्यांचं गाडी चालवणं बंद झालं, बाहेर जाणंही जवळजवळ थांबलं, आणि त्या जागेवर मुलाची मोठी गाडी कायमची उभी. परत मागितली तर घरी भांडण. मग दुसऱ्या एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, एकांचं बायपास, एकांची केमो चालू, सगळ्यांचे अर्ज आले आणि प्रत्येकाचं दुखणं खरं. आम्ही डॉक्टर नाही. कोणाचं दुखणं मोठं हे आम्ही कसं ठरवायचं आणि ठरवलं तर शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं. म्हणून कमिट्या लॉटरीच्या मागे लपतात, खरं आहे ते. निकष काय लावायचा हे कोणी नीट सांगितलं तर आम्हालाही हवंच आहे.

वकील_नागपूर

@कोथरूड_कमिटी साहेब, निकष कायद्यातच आहे म्हणून आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि मग ताईंच्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात ४० टक्के किंवा जास्त प्रमाणित दिव्यांगत्व असलं की "बेंचमार्क" धरतात आणि प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय यंत्रणा देते, कमिटीने कोणाचं दुखणं मोजायची गरजच नाही. यूडीआयडी कार्ड बघायचं, चालण्याची अडचण आहे का बघायचं (कारण कार्ड २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मिळतं, सगळ्यांनाच लिफ्टजवळची जागा लागते असं नाही), आणि ती व्यक्ती खरंच त्या गाडीने ये-जा करते का बघायचं, मग ती स्वतः चालवत असो की घरचे नेत-आणत असोत. गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या बाईंना काही महिन्यांपुरती जागा हवी असते, त्यासाठी सभेने एक तात्पुरती जागा वेगळी ठेवली तर दोन्ही प्रश्न सुटतात.

आता ताई तुमचं. हक्क की विनंती? माझ्या मते हक्काने मागा. कारणं सांगतो, सोप्या भाषेत. या कायद्यात "खाजगी आस्थापना" याची जी व्याख्या आहे त्यात सहकारी संस्था सरळ शब्दात लिहिलेली आहे. म्हणजे आमचा कायद्याशी संबंध नाही, आम्ही प्रायव्हेट, असं हाउसिंग सोसायटीला म्हणता येत नाही. मग भेदभावाची व्याख्या बघा, त्यात "वाजवी सोय" नाकारणं हा सुद्धा भेदभाव धरलाय. वाजवी सोय म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता त्या माणसाच्या गरजेप्रमाणे केलेला बदल. भंगार हलवून पाटी लावणं हा कुठल्याही सोसायटीवर बोजा होऊ शकत नाही. आणि "तुम्हाला दिलं तर सगळे मागतील" याचं उत्तर म्हणून २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. तो परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दल आहे, पार्किंगचा नाही, पण त्यात कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की वाजवी सोय ही त्या त्या व्यक्तीची गरज बघून ठरवायची असते, आणि सवलतीचा गैरवापर होईल या भीतीने ती नाकारता येत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. कायद्यातली इमारतींच्या सुगम्यतेची जी कलमं आहेत, पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती सोयीच्या करा वगैरे, ती मुख्यतः लोकांचा वावर असलेल्या इमारतींसाठी आहेत. राहत्या सोसायटीवर त्यांचा आधार घेऊन भांडू नका, समोर वकील असेल तर तो तिथेच पकडेल. तुमचा आधार भेदभाव आणि वाजवी सोय.

सोसायटीने नकार दिला किंवा गप्प बसली तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, कार्यालय तुमच्या पुण्यातच आहे. साध्या कागदावर तक्रार चालते, वकील लागत नाही. आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. ते शिफारस करतात आणि ती मान्य नसेल तर का नाही ते समोरच्याला तीन महिन्यांत कळवावं लागतं. दुसरा रस्ता उपनिबंधक आणि सहकार न्यायालयाचा, तो लांबचा आहे. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे पण ते पहिल्या अर्जात लिहू नका, तुम्हाला या लोकांबरोबर राहायचंय.

धायरी_बी_विंग

वकीलसाहेब, दादा, खूप आभार. सहकारी संस्था कायद्यात नावानिशी आहे हे मला अजिबात माहिती नव्हतं. कोथरूडच्या काकांचा राग नाही आला, उलट आमच्या कमिटीच्या मनात काय असेल ते कळलं. अजून एक विचारायचं होतं, कारची अख्खी जागा टू व्हीलरला कशाला हा प्रश्न सभेत नक्की येणार. आणि चार्जेसचं काय?

आर्किटेक्ट_नाशिक

मापावर मी बोलतो. आपल्याकडे विकास नियमावलीत (यूडीसीपीआर, २०२० पासून मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला लागू) स्कूटरची जागा १ मीटर बाय २ मीटर धरतात. तुमची साइड व्हीलची गाडी टेप लावून मोजा, दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत, आणि त्यात उतरताना कुबडी टेकवायला जेवढी बाजू लागते ती मिळवा. १ मीटरच्या पट्ट्यात हे बसतच नाही. हा आकडा अर्जात टाका, फोटोसकट. दोन स्लॉटमध्ये टेप धरलेला फोटो जे सांगेल ते पानभर लिहून सांगता येत नाही.

उलट बाजूने बघा, दिव्यांगांच्या कारसाठी केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ३.६ मीटर बाय ५ मीटर जागा सांगितलीये, त्यातला १.२ मीटरचा पट्टा नुसता चढ-उतारासाठी मोकळा. म्हणजे गाडी केवढी यापेक्षा माणूस उतरणार कसा हे धरून माप काढलेलं आहे. तुम्हाला कारची अख्खी जागा लागणारही नाही. साधारण कारची जागा अडीच मीटर रुंद असते, त्यात तुमची गाडी आणि बाजूचा मोकळा पट्टा मावून शिवाय खोलीत मागे जागा उरेल. तिथे एखाद्या सदस्याची साधी बाइक आडवी लागू शकते, फक्त लिफ्टकडे जायचा रस्ता अडता कामा नये. हे तुम्हीच सुचवलंत तर "अख्खी जागा" हा मुद्दाच राहत नाही आणि चार्जेस पण टू व्हीलरचेच मागता येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे इथे कोणी बोललं नाही. तुमच्या बिल्डिंगचा मंजूर नकाशा बघा. नियमावलीत अडथळामुक्त इमारतीच्या भागात प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दिव्यांगांसाठी दोन कारच्या जागा, ३.६ मीटर रुंद, आणि तिथे ठळक पाटी असं येतं. तुमच्या इमारतीला ते बंधनकारक होतं का हे ती कधी आणि कुठल्या नियमाखाली मंजूर झाली यावर आहे, पण कित्येक नकाशांवर अशा जागा आखलेल्या असतात आणि ताबा देताना त्या साध्या पार्किंग म्हणून वाटल्या जातात. नकाशाची प्रत सोसायटीकडे असायला हवी. नाही म्हणाले तर महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या खात्यात माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशावर तशी जागा निघाली तर ती वाटून टाकायचा अधिकार सभेलाही नाही असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता.

आणि गाड्यांच्या रॅम्पबद्दल. माणसांच्या व्हीलचेअर रॅम्पला १:१२ उतार धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बेसमेंटचे रॅम्प त्याहून बरेच उभे असतात, ते चालण्यासाठी केलेलेच नसतात. तुमच्या रॅम्पची उंची आणि लांबी कोणाकडून तरी मोजून घ्या.

हॅरोकर

मी लंडनजवळ हॅरोला असते, आई माझ्याकडे, तिला संधिवाताने चालवत नाही. इकडे आपण घराच्या समोरच्या रस्त्यावर दिव्यांग जागा आखून मागू शकतो, अर्ज कौन्सिलकडे. आधी ब्लू बॅज (दिव्यांगांचा पार्किंग परवाना) लागतो, इंग्लंडमध्ये त्याची फी १० पाउंडांपर्यंत. मग कौन्सिल बघते की तुमच्या घराला स्वतःचा ड्राइव्हवे किंवा गॅरेज आहे का, असेल तर जागा मिळणं कठीण. आणि मिळाली तरी ती जागा तुमच्या एकट्याची नसते!! ब्लू बॅज असलेला कोणीही तिथे गाडी लावू शकतो. काही ठिकाणी नुसती रंगाने आखलेली जागा असते, तिला कायद्याचा जोर नसतो, शेजाऱ्यांच्या समजूतदारपणावरच चालतं.

हे सांगायचं कारण असं की इकडचे फॉर्म भरताना मला एक गोष्ट लक्षात आली जी ताईंना उपयोगी पडेल. फॉर्ममध्ये आजाराचं नाव एका ओळीत संपतं. बाकी सगळं चालण्याबद्दल. किती मीटर चालता, किती वेळात, मध्ये थांबावं लागतं का, कशाचा आधार घेता, चालल्यावर दुखतं का, पडायची भीती आहे का. इकडच्या अपंगत्व भत्त्यात २० मीटरसुद्धा नीट चालता येतं का हा मोठा निकष आहे. तर अर्जात "मला पोलिओ आहे" याच्यावर सोडू नका. स्लॉटपासून लिफ्टपर्यंत किती मीटर, त्यातला किती चढ, तुम्हाला किती वेळ लागतो, पावसात काय होतं, हे लिहा. ६५ टक्के वाचून कोणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही.

धायरी_बी_विंग

तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत की मी काल रात्री बसून मसुदा केला. मुलाने गाडी मोजली, बाहेरच्या चाकापासून बाहेरच्या चाकापर्यंत १.१५ मीटर भरली. नकाशासाठी पण सचिवांना वेगळं पत्र देतेय. हा बघा अर्ज, नाव फ्लॅट नंबर काढलाय.

"प्रति, मा. सचिव. विषय: बी विंगच्या लिफ्टसमोरील पार्किंगची जागा दिव्यांग सदस्यासाठी कायमस्वरूपी राखून ठेवणेबाबत.

महोदय, मी बी विंगमधील सदस्य असून मला डाव्या पायाचे ६५ टक्के दिव्यांगत्व आहे. मी कॅलिपर आणि कुबडीच्या आधाराने चालते. आरटीओकडे नोंद असलेली साइड व्हीलची स्कूटर मी रोज स्वतः चालवते. यंदाच्या लॉटरीत मला बेसमेंटमधील शेवटचा स्लॉट आला आहे. तिथे लिफ्ट येत नसल्याने मला वाहनांच्या रॅम्पवरून चालत वर यावे लागते, मध्ये दोनदा थांबावे लागते, आणि त्या वेळी रॅम्पवर वाहनांची ये-जा सुरू असते. पावसाळ्यात रॅम्प निसरडा होऊन पडण्याचा धोका आहे. स्लॉटची रुंदी १ मीटर असून माझी स्कूटर १.१५ मीटर रुंद आहे, त्यामुळे शेजारी वाहन असताना मला उतरता येत नाही.

तरी बी विंगच्या लिफ्टसमोरील, सध्या साहित्य ठेवलेली जागा मला देण्यात यावी. मला त्या जागेची पूर्ण लांबी लागणार नाही, मागील भागात अन्य सदस्याची दुचाकी लावता येईल. शुल्क दुचाकीच्या दराने आकारावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार वाजवी सोय म्हणून ही मागणी करीत आहे. कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. सोबत: यूडीआयडी कार्ड, आरसी आणि लायसन्सची प्रत, डॉक्टरांचे पत्र, फोटो."

माजी_सचिव_ठाणे

छान झालाय ताई, मोजमाप आल्यामुळे वजन आलंय. दोन ठिकाणी बदल करा. "कायमस्वरूपी" काढा, त्या शब्दाला सभा घाबरते, वर कोथरूडवाल्यांनी सांगितलं तेच कारण. त्याऐवजी लिहा, मी या सोसायटीत राहते आणि माझ्या ये-जा करण्यासाठी ही किंवा अशी गाडी वापरली जाते तोपर्यंत ही जागा लॉटरीतून वगळावी, वापर थांबल्यास जागा सोसायटीकडे परत जाईल. म्हणजे दरवर्षी नव्याने मागायचीही गरज नाही आणि पुढे गैरवापर होईल ही शंकाही अर्जातच मिटली.

दुसरं, शेवटची "सहानुभूतीपूर्वक" वाली ओळ काढाच. तिथे लिहा, हा विषय कमिटीच्या पुढील बैठकीत आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा व निर्णय कारणासह लेखी कळवावा. नकार द्यायचाच असेल तर कारण लिहावं लागेल, आणि तो कागद पुढे आयुक्तांकडे तुमच्याच कामाला येईल.

वकील_नागपूर

सहमत. आधार कार्डाची प्रत जोडू नका, गरज नाही. यूडीआयडीच्या प्रतीवर "फक्त पार्किंग अर्जासाठी" असं आडवं लिहून सही करा.

कोथरूड_कमिटी

"वापर थांबल्यास जागा परत" ही ओळ मी आमच्या पार्किंगच्या नियमात घालायला सुचवणार आहे, खरंच. आणि तात्पुरत्या जागेचं पण. ताई, एक अनुभवाचं सांगतो, जागा मिळाली की त्याच आठवड्यात पाटी लावून घ्या आणि जमिनीवर व्हीलचेअरचं चिन्ह रंगवून घ्या, निळ्यावर पांढरं. खर्च सोसायटीने करायचा, ठरावातच लिहून घ्या. नुसता ठराव झाला आणि जागा रिकामी दिसली की पाहुणे, डिलिव्हरीवाले, टेम्पो कोणीही लावतं आणि वॉचमन कोणाला अडवणार. वॉचमनकडच्या यादीत तुमचा गाडी नंबर त्या जागेसमोर लिहिलेला हवा, म्हणजे तो ठामपणे सांगू शकतो.

धायरी_बी_विंग

दोन्ही बदल केले. पाटी, चिन्ह आणि वॉचमनची यादी हे पण अर्जात घातलं. शनिवारी ऑफिस उघडं असतं तेव्हा जाऊन देते आणि शिक्का घेते. इथे अजून कोणी साइड व्हीलची गाडी वापरत असेल आणि सोसायटीने जागा दिली असेल तर ठरावाची भाषा कशी होती ते सांगा, सभेत दाखवायला दुसऱ्या सोसायटीचा ठराव हातात असला तर फार बरं होईल.